दोन्ही हात लागतात

तो निवडून आला आणि आमचं मोडलं. दोन्ही गोष्टी मोठ्या फरकाने झाल्या.

झालं सांगून. आता ही ओळ कामकाजातून काढून टाकली आहे असं समजा. तो अजून वकीलच आहे, त्याचा काळा कोट कोपरावर विरलाय, निवडणूक हा शब्द आमच्यापैकी कुणी ऐकलेला नाही, आणि कोर्टाच्या जिन्यात तो फायलींच्या ढिगासकट माझ्यावर येऊन आदळतोय...

"सॉरी, सॉरी हं! लागलं का कुठे?"

"हाताला नाही लागलं. मग काही नाही."

"आणि डोक्याला लागलं असतं तर?"

"माझ्या कामाला डोकं लागत नाही. उलट मध्ये येतं."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरला. हात फायलींत अडकलेले, म्हणून त्यानं तो खांद्यानं वर ढकलायचा प्रयत्न केला. मीच मग एका बोटानं चष्मा जागेवर नेऊन ठेवला. अनोळखी माणसाचा. कोर्टात. का, ते मला विचारू नका. मी म्हटलंच की डोकं लागत नाही.

मी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं बोलणं तोंडानं सांगायचं, ज्यांना येतं त्यांचं हातांनी. पदरचं घालायचं नाही, काही गाळायचं नाही. आणि समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतोय की' असं म्हणणं आमच्यात कच्चं काम समजतात. ही भाषा मी शिकायला गेले नाही, घरात तीच होती. आई-बाबा दोघांनाही ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्याकडे भांडणं दिवे लावून व्हायची, आणि आईला आपला मुद्दा संपला असं वाटलं की ती दिवा घालवायची. बाबा आयुष्यभर अंधारात हरत आले.

"कुठली केस?" वकिलानं विचारलं.

"सुताराची."

"अहो, मग माझीच की! मी त्यांचा वकील."

"आणि मी त्यांचा आवाज."

तो बघतच राहिला. चष्मा पुन्हा घसरला. या वेळी मी हात आवरला.

सुतारकाका संध्याकाळी पटाशांची पिशवी घेऊन घरी चालले होते. मागून पोलीस ओरडला, "थांब!" काका थांबले नाहीत, कारण त्यांना जन्मापासून कुणीही मागून थांबवलेलं नाही. मग चोर समजून त्यांना पकडलं, हात मागे बांधले, आणि इन्स्पेक्टर विचारू लागला, बोल, कुठे चालला होतास? काका बोलायला लागले. म्हणजे बांधलेली बोटं हलवायला लागले. इन्स्पेक्टरला वाटलं, हा बेड्या सोडवतोय. त्यानं उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ती पुढे वाकडीच जुळली. तेव्हापासून काका थोडं बोबडं बोलतात.

वकील अशाच केसेस घ्यायचा. पकडलेले, पकडून विसरलेले, आणि ज्यांना पकडलंच नव्हतं असं सांगितलं जातं ते.

साक्ष सुरू झाली. न्यायाधीश नवीन होते.

"मी सुतार आहे," मी म्हणाले. "माझ्या पिशवीत पटाशा होत्या."

"बाई, तुम्ही सुतारकाम करता?"

"नाही साहेब. मी दुभाषी. सुतार हे."

"मग 'मी' कोण म्हणतंय?"

"हे."

"पण बोलताय तुम्ही."

"हो."

न्यायाधीशांनी पाणी मागवलं.

शेवटी वकील उभा राहिला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, माझ्या तोंडात बोळा कोंबा आणि मग विचारा, तुला काही सांगायचंय का. या माणसाचे हात बांधणं म्हणजे तेच." मी ते काकांना सांगत होते, आणि सांगता सांगता माझे हात थरथरायला लागले. आमच्या भाषेत थरथर लपत नाही, तीही सांगितली जाते.

काकांनी विचारलं, "तो रडतोय का?"

"नाही. मी."

"म्हणजे तोच ना?"

काका सुटले. ऐकू न येणाऱ्या कुणाचेही हात यापुढे बांधायचे नाहीत, असा हुकूमही निघाला. इन्स्पेक्टरवरची केस तेवढी वेगळी चालणार होती. त्या दिवशी काकांनी आम्हाला नावं दिली, कारण आमच्या भाषेत नाव स्वतः घेता येत नाही, कुणीतरी द्यावं लागतं. वकिलाचं नाव नाकावर बोट ठेवून वर सरकवायचं. माझं, एका बोटानं भुवईला स्पर्श.

"भुवई का?" वकिलानं विचारलं.

"कारण ती हातांनी दुसऱ्याचं बोलते," काका म्हणाले, "पण भुवई तिची स्वतःची असते."

हे मी त्याला सांगितलं तेव्हा पदरचं काही घातलं नाही. थोडी लाजले, तेवढंच.

मग तो काकांच्या दुकानात भाषा शिकायला जाऊ लागला. शिकला काकांच्या त्याच हाताकडून, त्यामुळे बोबडेपणासकट शिकला. दोन धडधाकट बोटं वाकडी धरून तो माझ्याशी बोलायचा. आम्हा दोघांनाही ऐकू येतं, हे आम्ही बरेच महिने विसरलो होतो.

एकदा कोर्टातून निघालो तर पाऊस. छत्री एक. त्यानं धरली.

"तुम्ही गप्प का?" मी विचारलं.

"छत्री धरलेला माणूस तुमच्या भाषेत अर्धा मुका की हो."

"मग तोंडानं बोला."

"तोंडानं मी युक्तिवाद करतो... हे तसलं नाही."

त्यानं छत्री माझ्या हातात दिली आणि सरळ पावसात जाऊन उभा राहिला. दोन्ही हात लागतात म्हणून. चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, त्याला मी दिसत तरी होते की नाही कोण जाणे. त्यानं स्वतःकडे बोट केलं, मग दोन्ही हात छातीशी धरले, मग माझ्याकडे बोट. बोबडं, पण स्वच्छ.

"चुकलं," मी म्हणाले. "भुवया वर केल्यात तुम्ही. त्यानं वाक्याचा प्रश्न होतो."

"प्रश्नच आहे."

"मग उत्तरासाठी पुढची तारीख घ्या."

"घेतली," तो म्हणाला, आणि शिंकला.

मी उत्तर दिलं नाही. का नाही दिलं... दिवसभर दुसऱ्यांच्या वतीनं 'मी, मी' म्हणणाऱ्या बाईला स्वतःचा 'मी' पटकन सापडत नाही हो. पर्समधल्या किल्लीसारखं होतं. असतो तिथेच, पण दार उघडायच्या वेळी हाताला लागत नाही. तेवढ्यात 'तुम्ही'चं 'तू' मात्र झालं.

आणि तेवढ्यात पक्षवाले आले. सुताराच्या केसमुळे त्याचं नाव झालं होतं, आणि त्यांना नाव असलेला आणि डाग नसलेला माणूस हवा होता.

"एकेकाला सोडवत बसलो तर जन्म जाईल," तो म्हणाला. "कायदाच बदलायला हवा."

"आणि तुला कोण सोडवणार?"

"तू आहेस ना."

हे असं बोलतात आणि मग मतं मागतात.

मी प्रत्येक सभेत स्टेजच्या कडेला उभी राहून त्याचं भाषण हातांनी सांगायचे. पहिली रांग काकांची आणि त्यांच्या दोस्तांची. 'उज्ज्वल भविष्य' मी 'उद्या, ऊन' असं सांगायचे. काका विचारायचे, नक्की ना? सभेच्या शेवटी तो लोकांचे प्रश्न घ्यायचा, कुणाचेही. इतर उमेदवार हार घ्यायचे, हा प्रश्न घ्यायचा. मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की हात दुखायचे.

शेवटच्या मोठ्या सभेत स्टेजवर एक जादा खुर्ची होती. तिच्यावर इन्स्पेक्टर बसला होता. निवृत्त झाला होता, पक्षात आला होता, आणि त्याच्या वस्तीतलं एकही मत त्याच्या शब्दाबाहेर नव्हतं. प्रचारप्रमुखांनी वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं. तो माइकपाशी गेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे मला मोठ्या भावासारखे."

मी सांगितलं. भाऊ. मोठा. माझा. गाळायचं नाही म्हणजे नाही.

प्रश्नांची वेळ आली. पहिल्या रांगेत एक हात वर झाला, दोन बोटं वाकडी. काका बोलू लागले, आणि मी हातातल्या माइकवर त्यांचा आवाज झाले.

"वकीलसाहेब, माझी दोन बोटं मोडली. ज्यानं मोडली तो..."

प्रचारप्रमुखांनी वायर उपटली.

लोकांना इतकंच ऐकू आलं, की स्टेजवरच्या एका पोरीची बोटं मोडली आहेत आणि ती सांगायला गेली तर कुणीतरी आवाज बंद पाडला. कुणी? विरोधकांनी, दुसरं कोण! मैदान पेटलं. "ताईला न्याय द्या!" म्हाताऱ्या बायका माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या. मी हात वर करून दहाच्या दहा बोटं हलवून दाखवली. त्यांनी आणखीच डोळे पुसले. किती सोसतेय बघा, म्हणाल्या.

आवाज परत आला. माइक त्याच्या हातात होता. एका वाक्याचं काम होतं. तिची नाही, या सुताराची, आणि मोडणारा हा बसलाय. बस. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भुवया वर केल्या.

त्यानं चष्मा वर सरकवला. म्हणाला, "या बोटांचा हिशोब मतपेटीत होईल!"

टाळ्या थांबेनात. मी ते वाक्य काकांना सांगितलं, धडधाकट दहा बोटांनी.

काकांनी विचारलं, "हे तू म्हणतेस की तो?"

इतक्या वर्षांत मी हे काम कधी कच्चं केलं नव्हतं.

"तो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी आला. दार आईनं उघडलं. आईचा त्याच्यावर जीव. तिनं आधी जेवलास का विचारलं, मग त्याच्या हातातली पट्टीची गुंडाळी पाहिली.

"कुणाला लागलंय?"

"अजून कुणाला नाही," तो म्हणाला. बोबडंच.

मी सगळं समजले. पेपरात माझा फोटो आला होता, आणि फोटोत बोटं साबूत होती.

"मतदान होईपर्यंत फक्त," तो तोंडानं म्हणाला. "मग सोडू."

"जामिनावर?"

"चेष्टा नको गं. निवडून आलो की पहिलं काम काकांचंच करणार. शपथ."

"मोठ्या भावाच्या विरुद्ध?"

त्यानं गुंडाळी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"हात बांधणं म्हणजे काय, ते तूच कोर्टात..."

"मी काय म्हणालो होतो ते मला माहितीये!" तो ओरडला. आई ढिम्म. ओरडण्याचा आमच्या घरावर कधीच परिणाम झालेला नाही.

"बरं, बांध," मी म्हणाले. "पण आधी मला एका तारखेला हजर राहायचंय."

मी त्याच्यासमोर उभी राहिले. स्वतःच्या छातीला बोट लावलं. 'मी'. ही खूण मी दिवसातून शेकडो वेळा करते, पण त्या दुपारी बोट जिथे टेकलं तिथे पहिल्यांदा मीच होते. मग दोन्ही हात छातीशी धरले. मग त्याच्याकडे बोट केलं. भुवया सरळ ठेवल्या. प्रश्न नव्हता तो.

आणि दोन्ही हात त्याच्यापुढे केले.

त्यानं पट्टीचा एक वेढा माझ्या उजव्या मनगटाला घातला. दुसरा घालताना त्याचे हात थरथरू लागले. मला वाटलं... काय वाटलं ते जाऊ दे. एका वाक्यासाठी मी अजूनही सगळं माफ करायला बसले होते.

"माफ कर," तो म्हणाला. ते वाक्य हे नव्हतं. त्यानं वेढा सोडवला, गुंडाळी नीट गुंडाळून खिशात टाकली, आणि गेला.

आईनं दिवा घालवला. दुपार होती, काहीच फरक पडला नाही.

संध्याकाळी चौकातल्या छोट्या सभेच्या भोंग्यावरून त्याचा आवाज घरात आला. "तिचे हात आज बोलू शकत नाहीत! म्हणून तिच्या वतीनं मी बोलतोय!" पट्टीची गरजच पडली नाही. पहिल्या रांगेतली माणसं म्हणे उठून गेली. दुभाषी नसल्यामुळे गेली, असं प्रचारप्रमुखांनी पेपरवाल्यांना सांगितलं.

इन्स्पेक्टर आता अपंग कल्याण समितीवर सल्लागार आहे. काकांची त्याच्यावरची केस दुसरा वकील चालवतो, मी आवाज असते, न्यायाधीश पुन्हा नवीन आहेत. रस्त्यात लोक थांबवून विचारतात, "बोटं बरी आहेत ना ताई?" मी 'नाही' म्हणते. खरं उत्तर लांब आहे आणि त्यांना बस पकडायची असते.

परवा त्याला टीव्हीवर पाहिलं, सभागृहात. कोट नवा होता. तोंडानं तो पोलिसांचे अधिकार वाढवणारा कायदा कसा चांगला आहे ते सांगत होता. हात बाकावर होते. त्याला कळतही नसावं... पण ते हात आपापलंच काहीतरी बोलत होते. 'नाही'. मग पुन्हा 'नाही'. मग त्याचं एक बोट उठलं आणि स्वतःच्या भुवईला लागलं. माझं नाव. आईनं माझ्याकडे पाहिलं. मी टीव्ही बंद केला आणि अर्ज लिहायला बसले.

प्रति, मा. सचिव, सभागृह.

महोदय, अर्जदार व्यवसायाने दुभाषी असून समोर हात बोलत असताना न वाचणे तिला शक्य होत नाही. सन्माननीय सदस्य भाषण करीत असताना त्यांचे हात भाषणात नसलेला मजकूर बोलतात, असे निदर्शनास आले आहे. सदर मजकूर अर्जदाराच्या घरी कामाच्या वेळेबाहेर पोहोचतो व त्याचे काय करावे याबाबत कोणताही नियम उपलब्ध नाही. तरी सभागृहाचे कामकाज चालू असताना सन्माननीय सदस्यांनी आपले दोन्ही हात खिशात ठेवावेत, असे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.