एकोणीस नंबरचा तुकडा

मार्चचा दुसरा रविवार होता. सारं थॉर्नहोप गाव प्रार्थनेला बसलेलं आणि नोरीन हेडली गावच्या सामाईक मळ्याचा मोठा नळ उघडायला चिखल तुडवत निघालेली. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, बर्फ म्हणावा तर बर्फ नाही... असलं काहीतरी तिरपं, टोचरं आभाळातून पडत होतं. या वेळी मळ्यात चिटपाखरू नसणार, हे ती धरूनच चालली होती. म्हणून फावड्याचा आवाज कानांवर आला तेव्हा ती दचकली.

एकोणीस नंबरच्या तुकड्यात माल्कम स्टॉब्ज खणत होता.

त्याने मान वर केली, तिला पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. ही आता न बोलता पुढे जाणार, हे ठाऊक असल्यासारखं.

गावात माल्कमशी कुणीच बोलत नव्हतं. कोळशाच्या खाणीतला संप वर्षभर चालला होता. लोकांनी मळ्याचं अर्धं कुंपण, मळ्यातल्या बऱ्याच खोप्या, शेवटी घरातली कपाटंसुद्धा जाळून हिवाळा काढला होता. आणि संप मोडायला तीनच आठवडे उरले असताना, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, माल्कम दगडांपासून बचावाला जाळी लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. नंतर सगळेच हरून परतले. पण संपफोड्या तो संपफोड्याच! खाणीत उतरताना माणसं त्याच्याभोवती हातभर जागा सोडून उभी राहत. तो दुकानात शिरला की बोलणं थांबे. त्याचं नावसुद्धा गावाने टाकलं होतं. 'तो एकोणीसवाला', बस्स.

नोरीनला त्याच्याशी न बोलायला सगळ्यांपेक्षा मोठं कारण होतं... आणि बोलायलाही. संप चालू असतानाच, नोव्हेंबरात, तिचे बाबा, जिम हेडली, चुलीपुरता कोळसा वेचायला जुन्या ढिगाऱ्यावर गेले होते, तो ढिगाराच त्यांच्यावर कोसळला. नुसत्या हातांनी उकरून त्यांना बाहेर काढणाऱ्या चौघांत माल्कम होता. शवपेटीचा एक कोपराही त्याच्याच खांद्यावर होता.

बाबांच्या मागे मळ्याचं सेक्रेटरीपण तिच्याकडे आलं. चाळीस तुकड्यांची वही, फाटकाची किल्ली, शेणखताच्या पाळ्या, शेजाऱ्याच्या कबुतरांनी वाटाणा खाल्ल्याच्या तक्रारी, सगळं.

"जपून उघड," माल्कम मातीकडे बघतच म्हणाला. "पाइप गोठला होता. सांधा गेला असेल."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. भिजशील म्हणून..."

तिने ठसक्यात नळ फिरवला, आणि खाडकन सांधा उडून बर्फाळ पाण्याची धार थेट तिच्या तोंडावर! ओरडायलाही श्वास उरला नाही. तो फावडं टाकून धावला, गळ्यातला मफलर ओढून त्याने सांध्याला करकचून बांधला. दोघेही नखशिखांत भिजले. त्याने ओठ इतके घट्ट मिटून धरले होते, की हनुवटी थरथरत होती.

"हस की मेल्या!" ती म्हणाली. "दाबून ठेवतोयस कशाला?"

"सवय गेलीये," तो म्हणाला. पण डोळे हसलेच त्याचे. करडे डोळे, पापण्यांच्या कडांना खाणीची काळी रेघ. अंघोळीनेही न जाणारी.

नोरीनने घाईघाईने दुसरीकडे पाहिलं.

"गुड फ्रायडेला तुकड्यांची पाहणी आहे," ती म्हणाली. "तुझा तुकडा काढून घ्यायचं चाललंय."

"का?"

"का ते तुला माहीत आहे."

"गावाचं मला माहीत आहे. वहीत काय लिहिलंय ते विचारतोय, सेक्रेटरीबाई."

"पाऊण तुकडा कसलेला असेल तर कुणाचाही काढता येत नाही."

"मग पाऊण करतो."

"चार आठवड्यांत? हे एवढं हरळीचं रान? एकटा?"

"दुकटा कुठून आणू?" तो म्हणाला, आणि त्या गारठ्यात तिच्या कानांच्या पाळ्या उगीचच तापल्या.

पुढच्या रविवारी ती पाइपचा सांधा बघायला आली. त्याच्या पुढच्या रविवारीही सांधाच बघायला आली.

"फार काळजी घेतेस बाई त्या पाइपची," तो म्हणाला.

"सरकारी माल आहे."

"माझा मफलर आहे तो."

"मग परत घेऊन जा!"

"नको... असू दे. तेवढ्यासाठी कुणीतरी येतं."

ती फाटकाकडे तोंड करून उभी राही, तो खणत राही. कुणी येताना दिसलं की ती वही उघडून पुढच्या तुकड्यावर सरकायची. आपण चोरून बोलतो, याची तिला लाज वाटायची. पण कोणाची लाज, त्याची की स्वतःची, हे तिलाच उमजत नव्हतं.

एकदा तिने विचारून टाकलंच. "का गेलास, माल्कम? तीन आठवडे... तीन आठवडे कळ काढायची होती."

तो फावड्याला रेलून उभा राहिला. वारा त्याच्या सदऱ्यात शिरत होता.

"लोकांना सांगायला मी खूप कारणं जुळवून पाहिली," तो म्हणाला. "आई आजारी असती तर बरं झालं असतं. घरात लेकरं असती तर... एकही बसेना. एका सकाळी उठलो आणि मला आणखी तग धरता येईना, एवढंच. तुझ्या बाबांना काढल्यापासून हात गरमच होत नव्हते. पण ते कारण म्हणून वापरणार नाही मी. त्यांनी असलं कधी केलं नसतं."

"नाही. नसतंच केलं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

त्याने स्वतःची बाजू थोडी जरी सावरली असती, तर नोरीनला त्याचा राग धरता आला असता. त्याने सावरली नाही. आणि तिथेच, त्या चिखलात, ती हरली.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांच्या लीकची बारा रोपं त्याच्या खोपीच्या दारात ठेवली. लीक म्हणजे कांद्याच्याच कुळातला, पण मनगटाएवढा माजणारा. थॉर्नहोपमध्ये लोक पोरांपेक्षा लीकची जास्त काळजी घेत. बाबांचं वाण तर दहा गावांत नावाजलेलं. ते गेल्यापासून आई ती रोपं स्वयंपाकघराच्या खिडकीत जपत होती. काचेवर बर्फ धरला तेव्हा तिने त्यांच्यावर स्वतःची शाल टाकली होती.

बारा रोपं कमी झालेली आईला कळणार नाहीत, असं नोरीनला कसं वाटलं कोण जाणे.

पाहणीच्या दोन दिवस आधी, बुधवारी दुपारी, नोरीन कामावरून परस्पर मळ्यात आली, तर एकोणीस नंबरच्या वाफ्यात तिची आई गुडघ्यांवर बसली होती. चर्चला जायचा कोट अंगात. एकेक रोप मुळासकट उपटत होती आणि तोंडाने पुटपुटत होती, "हे जिमचं... हे जिमचं... हेही जिमचं."

माल्कम शेजारी उभा होता. त्याने तिला अडवलं नाही. रोपं चिखलात पडू नयेत म्हणून त्याने बादली आणली आणि तिच्याजवळ धरून उभा राहिला. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण रोपं बादलीत टाकली. बारावं रोप निघालं तेव्हा तिला उठता येईना. त्याने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. खोपीच्या फळीला धरून उठली, तेव्हा समोर नोरीन दिसली.

"त्यांची पेटी उचललेला माणूस," आई म्हणाली, "आणि त्यांच्याच पाठीवर पाय देऊन गेला. अन् तू त्याला त्यांचं वाण देतेस?"

"आई..."

"बोलू नकोस माझ्याशी."

ती बादली घेऊन निघून गेली. माल्कम रिकाम्या वाफ्याकडे बघत राहिला.

"उद्या तुकडा परत करतो," तो म्हणाला. "मिडलँडच्या खाणींत माणसं घेताहेत. तुझ्या घरात हे व्हायला नको होतं."

"पाऊण झालाय का तुकडा?"

"नोरीन, ऐक ना..."

"झालाय का?"

"झालाय."

"मग शुक्रवारी इथं हजर राहा. मोजू न देताच पळालास, तर मात्र मी जन्मात तोंड बघणार नाही तुझं!"

गुड फ्रायडेला बटाटे लावायचे, हा तिथला रिवाज. त्या सकाळी सगळा मळा माणसांनी भरला होता. फाटकापाशी चहाचं मोठं पातेलं उकळत होतं. मळ्याचे अध्यक्ष विल्फकाका पुढे, त्यांच्यामागे समिती, आणि टेप घेऊन नोरीन. आई आपल्या तुकड्यात पाठ करून बटाटे लावत होती.

नोरीनने एकोणीस नंबर मोजला.

"किती भरला?" विल्फकाकांनी विचारलं.

"पाऊण, आणि वर तीन हात."

"पुन्हा लाव टेप."

तिने पुन्हा लावला. तेवढाच भरला.

"पोरी," विल्फकाका हळू आवाजात म्हणाले, "तू लिहिशील तेच वहीत राहणार आहे. बाबांची आठवण ठेवून लिही."

"बाबांनी कधी खोटं माप लिहिलं नाही, काका."

तिने सगळ्यांदेखत आकडा लिहिला. विल्फकाकांनी सुस्कारा टाकला. "ठीक. नियमात बसतो तो. आमच्यात बसत नाही." असं म्हणून ते वळले, आणि सगळे चहाकडे वळले. माल्कम आपल्या तुकड्याच्या मधोमध उभा राहिला. जिंकलेला, आणि तसाच एकटा.

नोरीनने पातेल्यातून एक कप भरला. मग दुसरा भरला. तिने एकदा आईच्या पाठीकडे पाहिलं. आणि चाळीस तुकड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली,

"माल्कम! चहा घेणार का?"

त्या मळ्यात दोन महिन्यांत चारचौघांत ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं. कुणीतरी कप खाली ठेवला. मग आणखी कुणीतरी. विल्फकाकांनी तिच्याकडे पाहिलं, रागाने नाही, एखाद्याला निरोप द्यावा तसं. म्हणाले, "वही आणि किल्ली सोमवारी माझ्या दारात ठेव." तिच्याशी बोललेलं त्यांचं ते शेवटचं वाक्य. आईने सरीतले उरलेले बटाटे लावले, माती ओढली, फावडं पुसलं आणि मागे न बघता गेली. ती पुढे लेकीशी बोलली, पण त्याला दोन वर्षं लागली. माल्कमशी कधीच बोलली नाही.

नोरीन दोन्ही कप सांभाळत एकोणीस नंबरपर्यंत चालत गेली. अर्धा चहा वाटेतच सांडला.

माल्कमने कप घेतला. दोनदा खाकरला.

"का केलंस असं?" तो कसाबसा म्हणाला. "आता तुझ्याशीही..."

"हो. माझ्याशीही कुणी बोलणार नाही." तिचे डोळे भरून आले होते, पण हनुवटी वरच होती. "तेव्हा इथून पुढं तुलाच बोलावं लागेल. सगळ्या गावाचं मिळून."

"मला फार बोलता येत नाही गं."

"मग एवढं एकच बोल... मिडलँडला जातोयस?"

तो तिच्याकडे बघत राहिला. पापण्यांच्या त्या काळ्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"नाही," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मान वर करून, "नाही, नोरीन. तुला सोडून मी कुठेही जात नाही."

पलीकडे फाटक एकेकाच्या मागे वाजत राहिलं. मळा रिकामा झाला. ती त्याच्याजवळ, नुकत्याच खणलेल्या मातीत बसली, आणि दोघांनी बटाटे लावायला घेतले.