कॅट म्हणजे टोपी

शाळेतून फोन आला तेव्हा मी शिडीच्या चौथ्या पायरीवर होतो. टायरच्या दुकानाची पाटी रंगवत होतो, शेवटचं अक्षर अर्धं राहिलं होतं. फोनवर मुख्याध्यापिका होत्या. म्हणाल्या, "पेंटर, बाई वर्गात खुर्चीवर बसल्या आणि… उठल्याच नाहीत." मी विचारलं, कोणत्या बाई? शाळेत सगळ्याच बाई. त्या म्हणाल्या, "तुमच्या बाई हो."

मी फोन खिशात ठेवला आणि ते अक्षर पूर्ण केलं. ब्रश धुतला, पुसला. मग खाली उतरलो. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माणूस असं का वागतो, मला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना समजलंही नसेल. मला मात्र अजून समजायचं आहे. सकाळी डब्याचं झाकण घट्ट लावा म्हणून बजावणारी बाई अकरा वाजता नसते, हे गणित माझ्या डोक्यात शिरत नाही.

भेटायला येणारी पोरंपोरी विचारतात, काका, तुमचं लव्ह मॅरेज ना, कसं जमलं? शिकलेली शिक्षिका आणि सातवी नापास पेंटर. ते सांगतो. तेही सगळं धक्क्यांनीच भरलेलं आहे.

ती माझ्या दुकानात चुकून आली. आधी तिथे झेरॉक्सवाला बसायचा. हातात वही, केसांत खडूची पूड, आणि घाई एवढी की आत कोण आहे हे न बघताच तिने पान उघडून माझ्यासमोर धरलं. म्हणाली, याच्या मोठ्या झेरॉक्स करून द्या. मी म्हटलं, "मोठ्या करून देतो, पण हाताने. चालेल?"

तेव्हा तिने वर बघितलं. भिंतीवर रंगाचे डबे, कोपऱ्यात पाट्या, आणि मी, कोपरापर्यंत निळा. तिला हसू आलं. तिने ते दाबलं… पण पुरतं दाबता आलं नाही.

वहीत इंग्रजी शब्द होते, एकासारखे एक वाजणारे, आणि पुढे मराठी अर्थ. यमकाचे शब्द, ती म्हणाली. मुलांना कानाने इंग्रजी शिकवायचं होतं. ती शाळेत तात्पुरती लागली होती. शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार होते आणि तिला कायम करायचं की नाही हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. झेरॉक्सपेक्षा रंगीत तक्ता छान दिसेल, असं मी सुचवलं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आली, रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसली आणि म्हणाली, एक अक्षर चुकलं तर माझी नोकरी जाईल, मी इथेच बसते. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मी अक्षरं काढायचो, लोक हत्ती काढतात तशी. पण नजर पक्की होती. शेवटी दोन ओळींची जागा उरत होती, म्हणून मी आपणहून जोडी सुचवली. वेलकमच्या पाट्या शेकड्याने रंगवल्या होत्या, आणि घरांवर स्वीट होम. दोन्हींची शेपटी तीच, ओ, एम, ई.

"कम आणि होम," मी म्हणालो. "घ्या तुमचं यमक."

"बोलून बघा."

मी बोलून बघितलं. पुन्हा बोललो. कम… होम. मी हबकलोच. इतकी वर्षं ती अक्षरं माझ्या हाताखालून गेली आणि त्यांनी मला पत्ता लागू दिला नाही.

"ही फसवणूक झाली, बाई. दिसायला जुळी भावंडं आणि बोलायला एकमेकांना ओळखत नाहीत."

"तुम्ही डोळ्यांनी ऐकता, पेंटर," ती म्हणाली. मग तिने मला ब्लू आणि शू लिहून दाखवले. शेवटचा ई सोडला तर एकाचंही अक्षर दुसऱ्याशी जुळत नाही, आणि म्हटलं तर पक्कं यमक. मी ब्रश खाली ठेवला. ती पोट धरून हसली. उरलेल्या जागेसाठी तिने वेगळी जोडी दिली, कॅरी आणि मॅरी. एक म्हणजे उचलून नेणे. दुसरीचा अर्थ तिने खाली बघून सांगितला.

गुरुवारी अर्थाचा रकाना लिहायचा होता. ती वाचणार, मी लिहिणार. शब्द म्हणताना तिला बोटाने डब्यावर ताल धरायची सवय. कॅट म्हणजे मांजर, टक. हॅट म्हणजे टोपी, टक. रॅट म्हणजे उंदीर, मॅट म्हणजे चटई, पेन म्हणजे लेखणी. सोळा शब्द. मधेच तिला बोलावणं आलं म्हणून ती वही माझ्यापाशी ठेवून गेली. मी शेवटपर्यंत आलो तर शेवटची चौकट रिकामी. मला वाटलं, तिने मुद्दाम सोडली असेल. मी तिथे एक पिवळं फूल काढलं.

शुक्रवारी सकाळी तक्ता गुंडाळलेलाच गेला, शिपायाने खिळ्याला टांगला, आणि ती मुलांकडे तोंड करून उभी राहिली, तक्त्याकडे पाठ. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं. हॅट म्हणजे काय? उंदीर. रॅट म्हणजे? चटई. साहेबांना वाटलं पोर घाबरली, म्हणून त्यांनी सगळ्या वर्गाला एक वाक्य विचारलं, कॅट मॅटवर बसली म्हणजे काय? चाळीस मुलांनी एका सुरात सांगितलं, टोपी लेखणीवर बसली. साहेब तक्त्याच्या तळापर्यंत गेले. कॅरीसमोर लग्न करणे. मॅरीसमोर फूल.

हे सगळं तिने दुपारी दुकानात येऊन सांगितलं, आवाज न चढवता. तक्ता काउंटरवर ठेवला. पहिल्या ओळीवरचं मांजर माझ्याकडून गळलं होतं आणि सगळे अर्थ एक घर वर सरकले होते. मी विचारलं, साहेब काय म्हणाले. ती म्हणाली, तक्ता कोणी केला ते विचारलं.

"मग?"

"मी म्हटलं, मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "असं का सांगितलंत?"

"शाळेला अजून वीस तक्ते हवेत. तुमचं नाव घेतलं असतं तर ते काम गेलं असतं." मग बाहेर बघत म्हणाली, "माझं असंही तात्पुरतंच होतं."

ती गेली. मी शटर खाली ओढलं आणि नवा तक्ता करायला बसलो. या वेळी प्रत्येक ओळ बोटाने धरून, तोंडाने म्हणत.

शनिवारी शाळा भरायच्या आधी मी थेट शिक्षकांच्या खोलीत गेलो. सगळा ताफा होता. तेव्हाच्या मोठ्या बाई म्हणजे कडक प्रकरण, त्यांच्यासमोर शिपाईसुद्धा श्वास मोजून घ्यायचा. मी तक्ता टेबलावर ठेवला आणि सांगितलं, चूक माझी आहे, बाईंची नाही, साहेबांना तसं कळवा. अर्थ लिहिताना माझं लक्ष वहीत नव्हतं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "मग कुठे होतं?"

मला खोटं सुचलं असतं तर मी बोललो असतो. पण सुचलंच नाही.

"बाईंकडे," मी म्हणालो.

खोलीत कोणाच्या तरी हातातला कप बशीवर खणकन ठेवला गेला. चित्रकलेचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. ती कोपऱ्यात उभी होती, हातात हजेरीचा कागद, आणि कानांपर्यंत लाल. मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला. मग म्हणाल्या, "निदान एका माणसाने इथे चूक कबूल केली. साहेबांना मी फोन करते. तुम्ही दोघं जाऊन तो तक्ता नीट तपासा. आणि या वेळी तक्त्याकडे बघा."

वर्ग रिकामा होता. तिने तक्ता भिंतीला लावला आणि पाठमोरीच बोलली. "सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं."

"आधी मला सांगायचं ना…"

"काय?"

"हेच," ती म्हणाली आणि एकदम पट्टी हातात घेतली, जणू मी तिसरीतला पोरगा. ओळ दाखवायची, मी वाचायचं. कॅट, मांजर. हॅट, टोपी. खाली खाली येत पट्टी पंधराव्या ओळीवर आली.

"कॅरी. उचलून नेणे."

पट्टी सोळाव्या ओळीवर थांबली.

"मॅरी… लग्न करणे?"

"विचारताय की सांगताय, पेंटर?"

"विचारतोय."

तिने खडू उचलला आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. मग म्हणाली, "घरी येऊन बाबांना विचारा. हात मात्र धुऊन या."

मोठ्या बाईंनी शब्द पाळला आणि पुढच्या वर्षी ती कायम झाली. लग्नानंतरही ती मला पेंटर म्हणायची आणि मी तिला बाई. सासऱ्यांनी मला शेवटपर्यंत "आमचे टोपीवाले जावई" म्हटलं. सत्तावीस वर्षांत आम्ही तिच्याच नव्हे, आसपासच्या सगळ्या शाळांचे तक्ते केले. रीत तीच राहिली. ती मोठ्याने वाचायची, मी रंगवायचो. तिने न म्हटलेला एकही इंग्रजी शब्द मी तक्त्यावर काढला नाही. मला इंग्रजी आलं नाही. तिच्या तोंडून आलं तेवढंच.

तेरा दिवस झाल्यावर मी कामाचं टेबल आवरलं. तिथे पुढच्या तक्त्याचा कागद होता, तिच्या अक्षरात. डावीकडे काऊ, नाऊ, हाऊ. उजवीकडे लो, स्लो, शो. दोन्हींच्या मधे एक शब्द, आर, ओ, डब्ल्यू, आणि त्याखाली पेन्सिलीने लिहिलेलं: याला दोन घरं आहेत. लो जवळ वाचलं तर रांग. काऊ जवळ वाचलं तर अर्थ वेगळा, तो तुम्हाला तोंडी सांगेन, ऐकून चकित व्हाल.

मुलगी म्हणाली, बाबा, मी बघून सांगते, एका मिनिटाचं काम. मी नको म्हटलं. शब्दकोशही कपाटात आहे.

उजवा रकाना मी रंगवला आहे. डावीकडे काऊ, नाऊ, हाऊ झाले. त्याखालची चौकट मी आखून ठेवली आहे. तिच्यात शब्द नाही आणि अर्थही नाही. शाळेला तक्ता सोमवारी हवा आहे.