नुसत्या पाण्याची नळी

विज्ञान आणि मृत्यू समोरासमोर उभे ठाकलेले मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिले आहेत.

डाव्यात मोतीबिंदू आहे. पण ते दोघं उजव्या बाजूला होते.

घटना अक्षरशः खरी आहे. गाव परभणी, वैशाखातली दुपार. अमावास्या नव्हती. हल्ली भुतंसुद्धा वेळ पाळत नाहीत.

माझ्या वहिनी, कमलबाई, परभणीजवळच्या झरी गावात शेळ्या राखतात. त्यांच्या फुप्फुसात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात तिचा तुकडा काढला आणि सांगितलं, गाठीच्या जनुकात अमुक एक दोष असेल तर रोज एक गोळी पुरेल. नसेल तर सलाईनमधून जहाल औषध.

वहिनींची कुडी बघता ते औषध त्यांना पेलेल, असं कुणालाच वाटत नव्हतं.

घरातल्या माणसात दोष निघावा म्हणून आमच्याकडे प्रथमच नवस बोलले गेले.

तपासणी डॉ. महारुद्र यांच्या नव्या लॅबमध्ये. लॅबचं नाव सांगत नाही. बोर्डावर डॉक्टरांचा फोटो एवढा मोठा, की नावाला तिथेही जागा मिळाली नव्हती. एसी डॉक्टरांच्या केबिनला, यंत्राला टेबलफॅन. रोग्यांचे नमुने ज्या फ्रिजमध्ये, त्यातच डॉक्टरांचं ताक.

तिथे काम करणारी रुपाली आमच्या झरीचीच. वहिनींनी तिच्यासाठी स्टीलच्या डब्यात धपाटे आणले होते. तो डबाही त्याच फ्रिजमध्ये गेला.

"काका, गाठ मेणाच्या वडीत बसवल्याली असती," रुपाली सांगत होती. "तिचे कांद्याच्या पापुद्र्यावानी काप काढायचे, मेण काढून टाकायचं, जनुक वेगळं करायचं. मग हे यंत्र त्याच्या नकला काढतंय. दोष असला की पडद्यावर रेघ वर चढती."

"आणि ही शेजारची नळी?"

"त्यात नुसतं पाणी. दर वेळी लावावीच लागती. तिची रेघ आडवीच राह्यला पायजे. पाण्यात कोण असणार?"

यंत्र घुमू लागलं.

वहिनींची रेघ आडवी. आडवीच…

आणि पाण्याची रेघ…

वर चढू लागली.

"नळ्यांची अदलाबदल केलीस," डॉक्टर रुपालीवर खेकसले. "मी स्वतः करतो."

त्यांनी हातमोजे चढवले. उद्घाटनाच्या फोटोनंतर बहुधा पहिल्यांदाच. नवं पाणी, नव्या नळ्या, वहिनींचा नवा काप. यंत्र पुन्हा सुरू.

तेवढ्यात लाईट गेली. फॅन थांबला. यंत्र बॅटरीवर होतं, ते चालू राहिलं. बाकी सगळं चिडीचूप.

आणि मग…

खोकला.

कोरडा. दोनदा. शेवटी बारीक शीळ.

हा खोकला मी वर्षभर ऐकत होतो. तो वहिनींचा होता.

पण आवाज यंत्राच्या झाकणाखालून आला होता.

मी धावत बाहेर गेलो. वहिनी लिंबाखाली बाकावर बसून शेंगा फोडत होत्या.

"वहिनी, आता खोकलात का?"

"न्हाई की. भाऊजी, आज छाती लय हलकी वाटायलीय. आतलं कुनी उठून गेल्यावानी."

मी आत आलो. पडद्यावर पाण्याची रेघ वरपर्यंत पोचली होती. वहिनींची आडवी.

आता थोर शास्त्रज्ञ महारुद्र काय करतात, याची मला उत्सुकता होती. त्यांनी यंत्राला लिंबू-मिरची बांधली. समोर नारळ फोडला, त्याचं पाणी यंत्रावर उडालं. मग रुपालीला आदेश दिला, "उद्यापासून पाण्याची नळी लावायचीच नाही. नळी नाही, तर भानगड नाही."

"सर, मग रिपोर्ट खरा का खोटा, ते कळायचं कसं?"

"सही माझी असते ना?"

वहिनींच्या रिपोर्टवर त्यांनी लिहिलं, दोष नाही. म्हणजे गोळी नाही. म्हणजे जहाल सलाईन.

मी तो रिपोर्ट तिथेच ठेवला आणि मेणाची वडी मागितली. डॉक्टरांनी ती आनंदाने दिली. गिऱ्हाईकच आपणहून भुताला घेऊन जात असेल तर कुणाला नको आहे?

वडी संभाजीनगरला नेली. तिथे पाण्याची रेघ आडवी राहिली. वहिनींची चढली. दोष होता!

घरात पेढे वाटले. कॅन्सरच्या दोषाचे पेढे झरीत बहुधा पहिलेच.

गोळी सुरू होऊन आता सहा महिने झाले. वहिनी पुन्हा शेळ्यांमागे हिंडतात. खोकला पार गेला.

कुठे गेला, हा प्रश्न मी विचारत नाही…

परवा रुपालीचा फोन आला. आवाज दबका.

"काका, दुपारी यंत्र बंद असतंय. तरी खोकला ऐकू यायलाय."

"यंत्रातून?"

"न्हाई… फ्रिजमधून."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलं. त्यांनी ताक बाहेर काढलं."

"आणि रोग्यांचे नमुने?"

"ते आतच हायत."

त्या फोनपासून मला नीट झोप नाही. वहिनींना याची काही खबर नाही. त्यांचं एकच टुमणं, "भाऊजी, माझा डबा कवा आणताव?"

डबा अजून त्या फ्रिजमध्येच आहे. रिकामा आहे, असं रुपाली म्हणते.

पाण्याच्या नळीबद्दलही ती तेच म्हणाली होती.

तर परभणीहून झरीकडे कुणी येणार असेल, तर तेवढा डबा घेऊन या. झाकणावर 'सौ. कमलबाई' असं कोरलेलं आहे. घासलेला नसला तरी चालेल.

फक्त गाडीत ठेवण्याआधी झाकण घट्ट आहे ना, ते बघा.