लाल पट्टीचे गमबूट

"नऊ नंबर आहेत का?"

इथुंगूनं मान वर केली नाही. ती कुणाच्या तरी गमबुटातला चिखल काडीनं खरवडत बसली होती आणि सकाळपासून तिचं डोकं सटकलेलं होतं. उद्या बावीस ओझंवाल्यांची टोळी डोंगरावर जाणार होती. सगळ्यांना भाड्याचे बूट आजच हवे होते, आत्ताच, तिच्याच टपरीतून.

"नऊ संपले. आठ घे, नाहीतर अकरा."

"आठात पाय जात नाही. अकरात पाय सापडत नाही."

आता तिनं बघितलं. उंच पोरगा, केसांवर धुक्याचे बारीक थेंब. हातात घडी घातलेला कागद, शाळेचा दाखला धरावा तसा धरलेला.

"कासेसे शहरातला ना तू?"

"कशावरून?"

"शर्टाला इस्त्री आहे. डोंगरावर इस्त्री करून कोण जातं रे?"

तो हसला... आणि लाजलाही. दोन्ही एकदम. इथुंगूला ते आवडलं, म्हणून तिनं कपाळाला जास्तच आठ्या घातल्या.

"पहिल्यांदाच ओझं न्यायला लागलोय," तो म्हणाला. "कंपालाचे पाहुणे आहेत. सहा दिवस. घरातून रोज शिखरावरचा तो बर्फ दिसतो, एकदा जवळून बघायचाय. सगळा बेत लिहून काढलाय."

"दाखव."

तिनं कागद हिसकावलाच. "'तिसरा दिवस – आराम.' आराम? अरे बाबा, तिसऱ्या दिवशी मांडीपर्यंत दलदल आहे! गवताच्या एका गड्ड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारायच्या. चुकलास की आत. आणि हे काय... आरसा?"

"केस विंचरायला."

"कोण बघणारे तिथं? माकडं? त्या जागी कसावाचं पीठ घे दोन मुठी जास्त. झोपायचे कपडे वेगळे, प्लास्टिकमध्ये बांधून. कितीही थंडी वाजली तरी दिवसा घालायचे नाहीत."

ती सांगत गेली, त्यानं कागद परत घेतला आणि पेन्सिलनं लिहीत गेला. त्याचं अक्षर सुंदर होतं. त्याचाही तिला राग आला.

"तू किती वेळा गेलीस वर?"

"एकदाही नाही."

"मग एवढं कसं..."

"परत आलेले बूट सांगतात." तिनं हातातला बूट उलटा केला. "हा काळा चिखल, तिसऱ्या दिवसाचा. हा पांढरा ओरखडा खडकाचा, पाचव्या दिवसाचा."

मग तिची नजर कागदावर परत गेली. 'दुसरा दिवस – नदी.' फक्त एवढंच. तिची काडी खरवडायची थांबली.

"नदीत बूट काढायचे," ती म्हणाली. आवाज बदलला होता, तिलाही कळलं. "गळ्यात अडकवायचे आणि अनवाणी जायचं. बाकीचे हसतील. हसू देत. गमबुटात पाणी भरलं की पाय दगड होतात. माझा भाऊ... मागच्या वर्षी."

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. उगाच 'अरेरे' केलं नाही, हे बरं केलं.

"मासेरेका त्याचं नाव. तिसरा मुलगा ना, म्हणून. आपल्यात घरोघरचा तिसरा मासेरेकाच. डोंगराच्या गेटवरच्या चौकीत वायरलेस आला, 'मासेरेका नदीत गेला.' आणि त्या टोळीत तीन मासेरेका होते. तीन घरांतून तीन आया धावल्या. अख्खा दिवस कुणालाच माहीत नाही, कुणाचा. संध्याकाळी दोघींचे चेहरे उजळले... आणि माझ्या आईचा..."

तिनं हातातला बूट खाली ठेवला.

"तुझं नाव काय?"

"थाबान. पाचवा."

"मी इथुंगू. मीही पाचवी." एरवी ती हसली असती. "टोळीत अजून कुणी थाबान आहे?"

"आहे एक. वरच्या पाड्यातला."

"चर्चमधलं नाव काय तुझं? ते सांग. ते तरी वेगळं असेल."

"नाही सांगणार. तू हसशील."

"नाही हसत."

"हसशीलच. आल्यावर सांगतो. तेवढ्यासाठी तरी वाट बघशील."

"मी वाट बघते ती बुटांची!" ती फणकारली. आणि फणकारता फणकारताच खाली वाकली, पायातले स्वतःचे गमबूट काढले आणि त्याच्यासमोर आपटले. "घे. नऊ नंबर."

त्यानं बुटांकडे बघितलं. मग तिच्या पायांकडे.

"एवढे मोठे..."

"एक शब्द बोललास तर अकरा देईन."

त्यानं ओठ दाबून धरले. डोळे मात्र हसत होते. इथुंगूनं डोक्याचा लाल रुमाल काढला, दातांनी फाडला आणि दोन्ही बुटांना घोट्यापाशी एकेक पट्टी करकचून बांधली.

"सगळ्यांना बांधतेस?"

"हो."

त्यानं फळीवरच्या काळ्या बुटांच्या रांगेवरून सावकाश नजर फिरवली. लाल काही नव्हतं. मग त्यानं तिच्याकडे बघितलं... आणि तिचे कान तापले.

पहाटे टोळी गेली. कपाळावरच्या पट्ट्यांना ओझी लटकावून, एकामागे एक, धुक्यात. वळणावर एका बुटाची लाल पट्टी हलली. मग धुकंच उरलं.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला गेटवरचे म्बुसा काका तिच्या टपरीसमोरून पळत गेले. म्हातारा माणूस. तो कधी पळत नसे.

"काका! काय झालं?"

"वायरलेस आला..." त्यांना तिच्याकडे बघवेना. "थाबान नदीत पडला. एवढंच ऐकू आलं, मग ढग आले. वरच्या पाड्यात निरोप द्यायला चाललोय."

इथुंगू अनवाणीच धावली. खडीवरून, चिखलातून. गेटवरच्या खोलीत ते यंत्र नुसतं खरखरत होतं. थोड्या वेळानं म्बुसा काकांबरोबर दुसऱ्या थाबानची आई आली, अंगावर शेतातली माती तशीच. दोघी एकाच बाकावर बसल्या. एकमेकींकडे बघेनात.

कारण बघितलं तर कळलं असतं. ही काय मागतेय, ती काय मागतेय. दोघींचं मागणं एकच, आणि दोघींना एकदम मिळणारं नव्हतं.

माझा कोण आहे तो? इथुंगूनं स्वतःला दटावलं. एका दुपारची ओळख. इस्त्रीचा शर्ट. मग मी इथं का बसलेय? नाव सांगितलं असतं त्या गाढवानं तर... हसले असते मी. हसले असते आणि मोकळी झाले असते.

नदी. गळ्यात बूट. काढले असतील त्यानं? की बाकीचे हसले म्हणून...

खर्र... "गेट... गेट, ऐकू येतंय?"

म्बुसा काका झेपावले. "बोल! कुठला थाबान?"

"आपला थाबान हो, ओझंवाला..."

"दोन आहेत, मूर्खा!"

इथुंगूनं यंत्र काकांच्या हातातून ओढून घेतलं. "बुटांना लाल पट्टी आहे का? पडला त्याच्या?"

खरखर. एवढी लांब खरखर तिनं आयुष्यात ऐकली नव्हती.

"नाही. लाल काही नाही. बूट पायातच होते, पाण्यानं भरलेले. पाय मोडलाय त्याचा. पण जिवंत आहे, शुद्धीवर आहे. चौघं उचलून आणतायत खाली."

इथुंगूचा चेहरा उजळणार, एवढ्यात शेजारच्या बाईचा श्वास तिला ऐकू आला आणि आपली आई आठवली. तिनं चेहरा तसाच आवळून धरला. बाईचे मातीचे हात हातात घेतले.

"मावशी, जिवंत आहे तो. पाय जुळतो. ऐकलंत ना? जिवंत आहे."

बाई तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि मग इथुंगूलाही रडता आलं.

"आणि लाल पट्टीवाला," यंत्र पुढे बोलत होतं, "त्यानंच उडी मारली. बूट गळ्यात अडकवून नदी ओलांडत होता येडा, सगळे हसत होतो आम्ही. पाय मोकळे होते म्हणून पोचला. त्यानंच ओढून काढला याला. थांबा, बोलायचंय म्हणतोय..."

खर्र. मग तो आवाज. दात वाजत होते. "कोण विचारतंय बुटांचं?"

"बूटवाली."

खोलीत म्बुसा काका, मावशी, दारात जमलेलं अर्धं गाव. वर पंधरा-वीस ओझंवाले कान लावून.

"झेबुलोन," तो म्हणाला. "माझं नाव. झेबुलोन. आता हस."

ती हसली नाही. खरंच नाही हसली. तिनं यंत्र आणखी जवळ धरलं.

"ऐकतेयस ना? पाण्यात घुसलो तेव्हा वाटलं, अरे... तिला नाव सांगायचं राहिलं. फक्त तेवढंच आठवलं बघ."

"झेबुलोन," तिनं एकदा म्हणून पाहिलं. सगळ्या डोंगरात दुसरा नसेल. "नीट ऐक. माझे बूट परत आण."

"आणतो ना."

"नुसते बूट चालणार नाहीत." तिनं डोळे पुसले. "आत पाय हवेत. तुझेच."