निळ्या आभाळाखालून कोण बोलतं?

चंद्रावर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला अचानक घराची ओढ लागेल का? आणि लागलीच, तर त्याच्याच खोलीत राहणाऱ्या नातीला तिचा सुगावाही लागू नये?

यशोधराला हे कोडं काही केल्या सुटेना. भिंतीवरच्या पडद्यावर हुकूम झळकत होता : 'डॉ. मिलिंद सरवदे यांना तीव्र घरओढ. पुढच्या यानाने पृथ्वीवर रवानगी.' वसाहतीत दर सोमवारी प्रत्येकाने आपली रोजनिशी आरोग्य सांभाळणाऱ्या यंत्रमानवाला वाचायला द्यायची रीत होती. एकटेपणाने माणसं आतून खचतात, ते वेळीच कळावं म्हणून. लोक त्याला 'वैद्यराज' म्हणत, तेही जरा दबकूनच. या सोमवारी आजोबांच्या वहीत कविता निघाली होती.

आजोबा मातीचे शास्त्रज्ञ. चंद्राच्या राखाडी धुळीत त्यांनी मेथी उगवून दाखवली होती. पण त्यांचं हृदय आता इथल्या हलकेपणाला सरावलं होतं. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना आपल्याकडे खेचणारं बल) इथल्या सहापट. ते ओझं त्यांच्या जिवावर बेतलं असतं.

"अहो, कवितेतला 'मी' म्हणजे मी नव्हे," आजोबा म्हणाले.

"असं प्रत्येक पेशंट म्हणतो," वैद्यराज म्हणाले. "मग तो कोण?"

आजोबांनी यशूकडे पाहिलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. यशूला असा राग आला त्यांचा! जीव जायची वेळ आली तरी हट्ट सोडायचा नाही म्हणजे काय? तिने वही ओढून घेतली आणि मोठ्याने वाचलं :

आभाळ इथलं निळंशार, दिवसा तारा दिसत नाही,
उडी मारावी म्हटलं तर जमीन पाय सोडत नाही.
खिडकीत वाटोळं, पांढरं घर, पण हाताला लागत नाही,
वेणी घालणारे हात तिथे, इथली वेणी टिकत नाही.

"चार ओळींत चार वेळा 'नाही'. शिवाय 'घर'," वैद्यराज म्हणाले. "निदान पक्कं."

"शब्द मोजून काय डोंबल कळणार?" यशू उसळली. " आधी निवेदक (कवितेत 'मी' म्हणून बोलणारा) कुठे उभा आहे ते बघा ना! इथे हवा नाही, म्हणून आभाळ भरदिवसाही काळं. निळं कुठे असतं?"

"पृथ्वीवर."

"पाय धरून ठेवणारी जमीन?"

"पृथ्वीवर."

"आणि तिथून पांढरं, वाटोळं काय दिसतं?"

"चंद्र," वैद्यराज म्हणाले. "पण घर तर पृथ्वी असते."

बिचाऱ्याची घडणच पृथ्वीवरची. घर दुसरीकडेही असू शकतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"या कवितेत घर इथे आहे. आजोबा तर एकतीस वर्षांत तिकडे गेलेलेच नाहीत. म्हणजे लिहिणारा एक आणि बोलणारा दुसरा. ज्याच्या जागी उभं राहून कविता जग बघते, त्याचा हा दृष्टिकोन. आणि बोलणारी कोणी मुलगी असणार. इथेच वाढलेली. ती तिकडे गेलीय आणि तिची वेणी इथे कोणीतरी..."

यशूचा हात आपल्या वेणीकडे गेला. रोज सकाळी आजोबाच घालायचे ती. चंद्रावर जन्मलेल्या मुलांना बाराव्या वर्षी पृथ्वीवर जावंच लागे, हाडं बळकट व्हावीत म्हणून. यशूचं अकरावं सरत आलं होतं. तिकडे आई वाट पाहत होती, तरी हा विषय निघाला की यशू उठून जायची.

आजोबा गप्प का बसले, ते तिला आता कळलं.

वैद्यराजांनी हुकूम मागे घेतला. "नोंदीसाठी आशयसूत्र (कविता शेवटी जे सांगू पाहते ते) सांगाल?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"जाणारीला घराची आठवण यायच्या आधीच," यशू हुंदका आवरत म्हणाली, "मागे राहणारा तिच्या वाटचंही झुरून घेतो."

आजोबांनी डोळे पुसले. "इतक्यात कळायला नको होतं गं तुला."

यशू त्यांच्याकडे पाठ करून बसली.

"माझी मला वेणी घालायला शिकवा. आणि तिकडून मी उत्तर पाठवीन. कविताच. तिच्यातला 'मी' तुम्ही असाल."

आजोबांनी वेणी सोडली, केसांचे तीन पेड केले आणि पहिला तिच्या हातात दिला.