मधला शब्द

नातेवाइकांत त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण मेलेला फोन तो हमखास उठवायचा. रविवारी दुपारी बाबा जेवून आडवे झाल्यावर आईचा जुना फोन घेऊन तो टेबलाशी बसला. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. कंपनीनं त्या मॉडेलला केव्हाच वाऱ्यावर सोडलं होतं. नवीन अ‍ॅप चालेना, व्हिडिओ कॉल लागेना, आणि बाबा तर दुसरा फोन हातात धरायला तयार नव्हते. हौशी मंडळींनी बनवलेली नवी सिस्टिम त्यात घातली की म्हाताऱ्याला नातीचं तोंड दिसेल, एवढाच त्याचा हिशेब. विचारायचं कशाला? उठल्यावर खूश होतील.

फोनचं आतलं कुलूप उघडलं की सगळं पुसलं जातं, हे त्याला पाठ होतं. फोटो, मेसेज, नंबर, रेकॉर्डिंग, सगळं त्यानं आधी लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि पुन्हा तपासलं. मग बटणं दाबून धरली. पडदा काळा झाला. नवी सिस्टिम चढेपर्यंत फोन चांगलाच तापला आणि खोलीत आईच्या हाताला लावायच्या क्रीमचा वास पसरला. कव्हरात मुरला असेल, असं म्हणत त्यानं खिडकी उघडली.

बाबा उठले. त्यांनी फोन घेतला, लिहायची जागा उघडली आणि कीबोर्डवर सुचणाऱ्या तीन शब्दांतला मधला दाबायला लागले. दाबतच राहिले. चेहरा उतरत गेला.

"तिची वाक्यं कुठं गेली रे?"

"कसली वाक्यं, बाबा?"

"मी रोज मधला शब्द दाबत बसतो. तिच्या सवयीनं वाक्य तयार होतं. 'तुह्मी गोळी घ्या.' 'तुह्मी स्वेटर घाला.' तेवढा एक शब्द तिला शेवटपर्यंत नीट लिहिता आला नाही..."

कीबोर्डनं शिकलेले शब्द डॉक्टरनं उतरवून घेतलेच नव्हते. कोण घेतं? पण बाबांशी आईचं रोजचं बोलणं चालू होतं ते तिथंच, आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. एका शब्दानं विचारलं असतं तर!

"चुकलं माझं, बाबा. ते... परत नाही यायचं."

बाबांचा अंगठा मात्र चालूच होता. आहे आणि आहे आणि आहे. मग तो थांबला.

"हे बघ..."

मधल्या चौकटीत शब्द होता, तुह्मी. सिम अजून घातलेलं नव्हतं, वायफाय जोडलेलं नव्हतं. कोऱ्या कीबोर्डला हा चुकीचा शब्द शिकवणार कोण? बाबांनी तो दाबला. पुढचा आला.

तुह्मी कोण

"तीच आहे," बाबा कुजबुजले. "पण ती मला ओळखत नाही रे..."

त्यांनी आपलं नाव लिहिलं. मग लिहिलं, तुझा नवरा. डॉक्टर त्यांच्या खुर्चीमागे उभा होता. आई गेली तेव्हाही त्याला इतकं रडू आलं नव्हतं.

मधली चौकट बराच वेळ रिकामी राहिली. मग बाबांनी काहीही न दाबता शब्द एकेक करून उमटत गेले.

बरं. आणि मागे उभा राहून रडतो आहे तो कोण