त्या सिनेमातली बायको

सगळं थिएटर हुंदके देत होतं आणि मला नेमकं हसू फुटलं.

पडद्यावरचा अंतराळवीर प्रकाशाच्या वेगानं हिंडून चाळीस वर्षांनी घरी परतला होता. तो होता तसाच तरुण. दारातली बायको मात्र पांढऱ्या केसांची. तिनं काही न विचारता त्याला मिठीत घेतलं.

"हसायला काय झालं?" शेजारच्या खुर्चीतला तरुण कुजबुजला. डोळे पुसत होता बिचारा.

"चाळीस वर्षं ही काय करत होती, ते दाखवलंच नाही की!"

"वाट बघत होती!"

"नुसती?"

दिवे लागले. आम्ही भांडतच जिना उतरलो, भांडतच कॉफी घेतली. तो पूल बांधणारा इंजिनिअर. मी दातांच्या कवळ्या बनवते.

"म्हणजे तुमचं सगळंच खोटं," तो म्हणाला.

"पण बसतं अगदी चपखल!"

तो असा हसला, की माझी कॉफी निवून गेली...

अख्खं जग त्या सिनेमावर फिदा होतं, माझी ताईसुद्धा. दर भेटीत तो चिडवायचा, "पटलं का आता?" "मुळीच नाही!" मग माझ्या बोटांवर वाळलेलं, कवळ्यांच्या साच्याचं प्लास्टर तो नखानं हळूच खरवडायचा. मी हात मागे घेत नसे.

वर्षभरानं त्याला परदेशात काम मिळालं. तीन वर्षांचं.

"थांबशील ना?" त्यानं विचारलं. 'येतेस का?' असं नाही. 'तू काय करशील?' असंही नाही.

"मी त्या सिनेमातली बायको नाही," मी म्हणाले. वाटलं, नेहमीसारखा भांडेल. त्यानं नुसती मान हलवली... आणि गेला.

ताईनं स्थळं आणली, मी नाकारली. त्याचा फोन अधूनमधून यायचा. "कशी आहेस?" "मजेत." तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. पण हे त्याला सांगायचं म्हणजे हार मानणं... नाहीच सांगितलं.

परवा पुन्हा फोन आला. "लग्न ठरलं माझं. इथल्याच ऑफिसातली आहे." मग जरा अडखळत — "तुला वाईट नाही ना वाटलं? म्हणजे... तू थांबणार नव्हतीसच."

"छे! मी कशाला थांबतेय?"

अभिनंदन केलं. तिचं नावही विचारलं. माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.

कापला असता, तर कदाचित त्यानं काही विचारलं असतं.